अलोऱ्यातलं गाऱ्हाणं

ज्यांनी अलोरे पाहिलेलं नाही त्यांचं फार काही बुडालं आहे असं मी म्हणणार नाही. चिपळूणहून कराडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढण्याआधी जरा दम घेतो, त्याच्या आसपास हे गाव आहे. तिथे कोयना प्रकल्पाची वसाहत आहे, आणि त्या वसाहतीतल्या एका सभागृहात मी आणि सुलभाताई मरण, स्वातंत्र्य, एकटेपणा आणि आयुष्याचा अर्थ या चार विषयांचा अभ्यास करायला गेलो होतो. तीन दिवसांत चारही उरकायचे होते, म्हणजे विषयाला पाऊण दिवस. शेवटी प्रमाणपत्र.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी रत्नागिरीत कनिष्ठ महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवत होते. नोकरी सोडल्यावर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला. सुलभाताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या, शाळेत मराठी शिकवायच्या आणि माझ्या आधीपासून या कामात आहेत. दर सोमवारी आम्ही दोघी राजापूरला जातो. तिथे एका वाचनालयाच्या माडीवर एकट्या राहणाऱ्या बायकांचा गट बसतो. कोणाचा नवरा मुंबईत कामाला, कोणाचा मुंबईतच वारलेला, कोणाचा मुंबईत जिवंत असून नसल्यासारखा. त्या बोलतात, आम्ही ऐकतो. सुरुवातीला अकरा जणी होत्या, आता सहा.

मी प्रश्न बरे विचारते. पण बाई रडायला लागली की मी तिच्यासाठी पाणी आणायला उठते आणि ते आणायला जरा जास्तच वेळ लावते. रडण्याचं खातं सुलभाताईंकडे. म्हणून गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "अगो मंदा, मी आता सोडणार. मला नाही ऐकवत," तेव्हा मी लगेच हिशेब मांडला. त्या गेल्या की मी गट चालवू शकणार नाही, आणि गट बंद झाला की त्या सहा जणींचा सोमवार जाणार. सुलभाताई थकल्या आहेत असं निदान मी केलं आणि त्यावरचा उपचार म्हणून दोघींची नावं या शिबिरात घातली. त्यांना विचारलं नाही. कळवलं.

एक खुलासा. गटात जे बोललं जातं ते बाहेर न्यायचं नसतं. म्हणून इतरांबद्दल मी इथे जेवढं चहाच्या वेळी कोणालाही ऐकू आलं असतं तेवढंच लिहिते. सुलभाताईंना आणि राजापूरच्या बायकांना वाचून दाखवलं आहे, नावं बदलली आहेत. "लिही काय हवं ते, पण मला जाडी लिहू नकोस," एवढीच सुलभाताईंची अट. त्या जाड नाहीत.

शुक्रवार

एसटीत सुलभाताईंनी खिडकी घेतली आणि पत्रक वाचायला घेतलं.

"अस्तित्ववादी गटोपचार," त्या मोठ्याने म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून पाहिलं. "म्हणजे नेमकं काय गो?"

"म्हणजे माणूस मरणार आहे, मुळात एकटा आहे, आणि तरी रोज काय करायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं आहे. लोक आपल्याकडे येतात त्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते. ती टाळायची नाही, गटात बसून तिच्याकडे बघायचं."

"आणि बघितल्यावर?"

"बघितल्यावर... बघायचं."

"बरं आहे. डोळ्याच्या डॉक्टरकडे निदान चष्मा तरी मिळतो."

अलोऱ्याला उतरलो तर फेब्रुवारी संपत आलेला असूनही अंगावर काटा आला. रत्नागिरीत थंडी म्हणजे पंखा एकवर. इथे स्वेटर लागतो, आणि समुद्राचा वारा नाही म्हणून हवा कोणीतरी झाकून ठेवल्यासारखी गप्प. वसाहतीतले रस्ते रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. आमच्याकडे रस्ता घराला वळसा घालून जातो, इथे घरांनी रस्त्यासाठी रांग लावली आहे. प्रत्येक घरावर रंगवलेला आकडा. मला आकड्यांचं गाव आवडलं. बरीच घरं मात्र बंद होती. मी जाताजाता मोजली, आमच्या ओळीत तीन घरांमागे एक राहतं. ज्या धड्याला आलो होतो त्याचं वातावरण आयतंच तयार होतं.

जेवण करणाऱ्या शांताबाई घाटावरच्या, पाटण तालुक्यातल्या. त्यांनी ओल्या काजूंची उसळ केली होती. सुलभाताईंनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"यात काय घातलंत हो?"

"दाण्याचं कूट की. काय झालं?"

"ओल्या काजूंच्या उसळीत दाण्याचं कूट?"

"मग काय घालायचं?"

"नारळ!"

"नारळ किती महाग झालाय, ताई," शांताबाई म्हणाल्या आणि अजून एक पळी वाढून गेल्या. ज्यांच्या परसात बारा माड आहेत त्या बाईंनी यावर काय बोलायचं? त्या गुपचूप जेवल्या. दुसऱ्यांदा घेतलीही, पण ते तुमच्या-माझ्यातच.

शनिवार

आम्ही सात जण होतो, सगळे हेच काम करणारे. शिकवायला पुण्याहून अनघा मॅडम आल्या होत्या. वय माझ्या धाकट्या भाचीएवढं, आवाज मऊ. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधोमध फरशीवर कागदी रुमालांचा डबा. आपण रडणार आहोत हे आधीच गृहीत धरलेलं पाहून मला जरा राग आला.

मॅडम म्हणाल्या, "ओळख करून द्या. पण गाव सांगायचं नाही, काम सांगायचं नाही, घरात कोण कोण आहे तेही सांगायचं नाही. हे सगळं काढून घेतल्यावर जे उरतं ते सांगा."

कोकणातल्या माणसाचं गाव काढून घेतलं तर उरतं काय?  शेवटी मंडणगडचे वसंतराव, शाळांमधून मुलांचं समुपदेशन करणारे साठीचे गृहस्थ, म्हणाले, "मी वसंत. माझा डावा गुडघा दुखतो." मग बाकीच्यांना मार्ग सापडला आणि सातपैकी पाच जणांनी आपापलं दुखणं सांगितलं. उरलेल्या दोन आम्ही. मी म्हटलं, मी नेमकी आहे. सुलभाताई म्हणाल्या, "मी आलेली नाही, मला आणलंय."

पहिल्या चहाला वसंतरावांची मेहुणी सुलभाताईंच्या माहेरच्या आळीत दिली आहे हे निघालंच. मॅडम लांबून आमच्याकडे हताशपणे बघत होत्या.

चहानंतर खरी परीक्षा. या पद्धतीत गटाला विषय दिला जात नाही. मार्गदर्शक गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यात लोक एकमेकांशी जसे वागतात तेच शिकण्याचं साहित्य. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण गटात सगळे ऐकण्याचा धंदा करणारे. प्रत्येक जण मान जराशी तिरकी करून, डोळ्यांत माया आणून, दुसरा कधी बोलतो याची वाट बघत होता. पंगतीत सात वाढपी हातात भांडी घेऊन उभे आणि जेवायला बसलेलं कोणीच नाही, असं ते दृश्य.

कोणी चुकून बोललंच, तर सगळे वाढायला धावत. गुहागरच्या एक बाई म्हणाल्या की त्यांना प्रवासाने दमायला होतं. लगेच एकीने श्वासाचा व्यायाम सुचवला, दुसरीने "दमणं ही किती स्वाभाविक गोष्ट आहे" म्हटलं, वसंतरावांनी "हे दमणं लहानपणी कधी जाणवलं होतं का?" असं विचारलं. त्या बाई घाबरून म्हणाल्या, "नाही हो, फक्त चिपळूणला बस बदलावी लागली."

दुपारच्या सत्रात मॅडम मृत्यूबद्दल बोलायला लागल्या. डोळे मिटून आपल्या शेवटच्या दिवसाची कल्पना करायची होती. मी मिटले. माझ्या शेवटच्या दिवशी माझी बहीण कोणती साडी नेसेल इथवर पोचले होते, तेवढ्यात खिडकीत धप्प झालं. डोळे उघडले तर एक भलामोठा वानर आत. त्याने गोलाच्या मधोमध चालत येऊन आमच्याकडे क्रमाने पाहिलं, कागदी रुमालांचा डबा उचलला आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने तो गेला. वानर काय नवे नाहीत, आमच्या बागेतल्या कैऱ्यांचा निम्मा हिशेब तेच ठेवतात. पण गोलात इतक्या शांतपणे मधोमध आलेला पहिला तोच.

"आता या क्षणी गटात काय होतंय?" मॅडमनी विचारलं.

"रडायची सोय गेली," सुलभाताई म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं आम्ही सात माणसं पोट धरून हसत होतो. मॅडमही.

रविवार

रविवारी सकाळी जे झालं ते मी दोनदा लिहून खोडलं आहे.

मॅडमनी सुलभाताईंना थेट विचारलं. "काल तुम्ही म्हणालात, मला आणलंय. आज तुम्ही इथे आहात का?"

सुलभाताईंनी पदराशी चाळा केला. त्या बोलेनात. आणि ती शांतता मला सोसेना. मी बोलायला लागले. आमच्या सुलभाताई किती वर्षं राजापूरला जातायत, किती जणींचे डोळे त्यांनी पुसलेत, आता त्यांना थकवा कसा आलाय. बोलताबोलता माझा आवाज कसा कोण जाणे वर चढला आणि त्याला एक चाल लागली. मी म्हणाले, "तर त्यांच्या मागे हा जो काही थकवा लागलाय तो दूर होवो, त्यांचं मन पुन्हा कामात लागो, आणि हा गट असाच पुढे चालो, एवढंच माझं मागणं आहे!"

"होय महाराजा!" वसंतराव म्हणाले.

"होय महाराजा!" बाकीच्या चौघांनी साथ दिली. एकीने तर हातही जोडले.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. ज्याचं दुखणं आहे तो गप्प उभा राहतो, जाणता माणूस त्याच्या वतीने देवाला सगळं सांगतो, आणि दर मागण्याला जमलेले लोक एका सुरात "होय महाराजा" म्हणतात. मग प्रश्न देवाचा, आपण प्रसाद घ्यायला मोकळे. पद्धत चांगली आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. पण सात शिकलेल्या समुपदेशकांनी अस्तित्ववादी गटोपचारात तीच चालवावी, हे फक्त आम्हीच करू जाणो. मॅडमनी एकाग्रपणे लिहून घेतलं. नंतर कळलं की त्यांनी 'गटाची एकजूट' असं लिहिलं होतं.

सुलभाताई आधी हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं आणि चेहरा लाल झाला.

"माझं गाऱ्हाणं तू का घालतेस गो?" त्या मला म्हणाल्या. "मी मेले आहे का? का मुकी आहे?"

"मी तुमच्या भल्यासाठीच—"

"मला थकवा आलेला नाही. हे तुझं तूच ठरवलंस. मला कंटाळा आलाय."

गट पुढे सरसावला. वसंतरावांनी मान तिरकी केली. "या कंटाळ्याच्या तळाशी काय असेल, असं वाटतं?"

"तळाशी कंटाळाच आहे."

"कधीकधी कंटाळा हे दुःखाचं झाकण असतं," गुहागरच्या बाई म्हणाल्या.

"झाकण काढून बघितलं. आतही कंटाळाच आहे. सगळं पातेलं भरून आहे."

मग त्या हळू बोलल्या. "गेल्या महिन्यात राजापूरला एक जण सांगत होती, नवरा गेला त्या रात्री मुंबईहून फोन कसा आला. रडत होती. मी तिचा हात धरला होता, मान हलवत होते. आणि मनात माझं चाललं होतं, घरी जाताना केळी घ्यायची की नको. मला तिचं काहीही वाटलं नाही. माझा हात तिच्या हातात होता आणि मी बाजारात होते. तिला कळलं नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. अशी फसवणूक मला नाही करायची. म्हणून सोडायचंय."

कोणी 'होय महाराजा' म्हटलं नाही. वाढायलाही कोणी धावलं नाही, कारण कोणाच्याच भांड्यात यावर काही नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना सरळ झाल्या होत्या. मला वाटतं, प्रत्येकाला आपापली केळी आठवत होती.

मॅडमनी समजूत घातली नाही, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही इथे सांगितलंत. त्यांना सांगितलंय का?"

"त्या बायकांना? काय सांगू? की मला तुमचा कंटाळा येतो?"

"ठरवायचं तुम्हीच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मंदाताई, हे ऐकून तुम्हाला काय होतंय?"

"मला वाटतं सुलभाताईंनी थोडी सुट्टी घेऊन—"

"त्यांचं नको. तुमचं."

मी पंख्याकडे पाहिलं. त्याला तीन पाती होती. दुपारच्या जेवणाची घंटा वाजेपर्यंत मी पंख्याकडेच पाहत होते.

संध्याकाळी प्रमाणपत्रं मिळाली. माझ्या नावात चूक होती, ती मी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली.

सोमवार, राजापूर

घरी न जाता आम्ही परस्पर राजापूर गाठलं. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. संगमेश्वरला सुलभाताईंनी मला अर्धा वडापाव दिला, म्हणजे भांडण नव्हतं. हातखंब्यानंतर त्या म्हणाल्या, "मी आज त्यांना सांगणार आहे. तू मधे बोलायचं नाहीस."

"त्यांना लागेल हो, सुलभाताई."

"लागू दे. तू पाणी आणायला जा."

हे मला वर्मी लागलं.

वाचनालयाच्या माडीवर सहाही जणी आधीच येऊन बसल्या होत्या. बाजाराच्या पिशव्या भिंतीशी ओळीने ठेवलेल्या. सुलभाताई खुर्चीवर टेकल्या आणि दम न घेता सांगून मोकळ्या झाल्या. मला कंटाळा आलाय. तुमचं ऐकते, पण पूर्वीसारखं आत पोचत नाही. चूक तुमची नाही. पण तुम्हाला खोटं ऐकणारी बाई नको, म्हणून मी पुढच्या सोमवारपासून येणार नाही.

 मी मनात म्हटलं, झालं, गट गेला.

मग पार्वती नावाची, काळ्या चष्म्याची बाई, जिचा नवरा गेल्याची गोष्ट चालली असताना सुलभाताई केळी घेत होत्या तीच, खुदकन हसली.

"बाय माझे! आमालापन लय दिस झाले कंटाळा येऊन," ती म्हणाली. "मीच माजी गोष्ट किती येळा सांगू? पन तुमी इतक्या लांबनं येता, तुमाला वाईट वाटंल म्हनून सांगत व्हते."

"काय?" सुलभाताई म्हणाल्या.

"मग काय!" दुसरी म्हणाली. "आमी ठरवलं व्हतं, पाळीपाळीनं रडायचं. न्हायतर तुमच्या खेपा फुकट."

सुलभाताई आ वासून बघत राहिल्या. मग बोलणाऱ्या त्या दोघी हसल्या, मग सगळ्याच, आणि बराच वेळ कोणालाच थांबता येईना. आठ वर्षं आम्ही त्यांच्यासाठी येत होतो आणि त्या आमच्यासाठी. जमाखर्च दोन्ही बाजूंनी चोख जुळत होता, फक्त व्यवहार झालाच नव्हता.

मला वाटलं, आता सुलभाताई थांबतील. असं काही झाल्यावर माणूस थांबतो. पण त्यांनी हसूनहसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं, सहाही जणींना एकेक करून मिठी मारली, पार्वतीला जरा जास्त वेळ, आणि पिशवी उचलली.

"जाताय?" मी म्हटलं.

"हो गो. हलकं वाटतंय, म्हणून तर जाते." दारात वळून त्या म्हणाल्या, "मंदा, तू बैस."

जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. मी उभीच होते. सहा जणी माझ्याकडे बघत होत्या. सुलभाताईंची खुर्ची रिकामी होती आणि पुढचा प्रश्न विचारायचं काम माझं होतं. माझ्याकडे प्रश्न नव्हता.

"मंदाताई," पार्वतीने विचारलं, "तुमाला काय वाटलं ओ?"

मला खरं तर म्हणायचं होतं की सुलभाताईंचा निर्णय समजण्यासारखा आहे. तोंडातून आलं ते असं, "मला त्यांचा राग आलाय. आणि मला भीती वाटतेय. हे मला एकटीला येत नाही. कधीच येत नव्हतं."

बोलून मी खाली बसले. माझी नजर पाण्याच्या तांब्याकडे गेली, पण तो पार्वतीच्या पलीकडे होता.

पार्वतीने चष्मा काढून पदराला पुसला आणि परत घातला. आपली खुर्ची तिने माझ्याकडे ओढली. मग बाकीच्या पाच जणींनीही आपापल्या ओढल्या.

"बोला की मग," ती म्हणाली. "आमची गाडी साडेपाचला हाय."